बंद पडतं

मातागाल्पात, चर्चमागच्या उतारावर माझं दुकान :
एक खिडकी, एक टेबल, डोळ्याला लावायची काच
आणि बापाकडून आलेल्या वह्या.

कमांडर एलिओदोरो स्वतः आले.
जीप खाली लावून, पायऱ्या चढून,
थोडी धाप लागलेली.
घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं,
सोन्याचं, जड, अजून कोमट.
म्हणाले, तेओफिलो, हे रात्री बंद पडतं.
उठून बघावं, तर तीन वाजलेले.

तीनला मळ्यावरची घंटा व्हायची.
बायका अंधारात चुली पेटवायच्या,
मग टोपल्या कमरेला, आणि कॉफीच्या रांगा.
हे मी बोललो नाही.

घड्याळ मला ठाऊक होतं. कुणाला नव्हतं?
शाळेच्या भिंतीवर तो फोटो आहे :
ट्रकच्या टपावर कमांडर, मूठ वर,
बाही कोपराकडे घसरलेली,
आणि मनगटावर ऊन धरून बसलेलं हे.
आजपासून वेळ तुमची, असं म्हणाले होते त्या दिवशी.
टाळ्यांत मीही होतो.
कुणाच्या हातातून आलं, कुणी विचारलं नाही.
आलं ना आपल्यात, एवढंच वाटलं.

मागचं झाकण उघडलं.
धूळ नाही, गंज नाही. तेल ताजं.
याला किल्ली द्यावी लागत नाही.
आत धातूची एक अर्धी चकती असते,
हात हलला की ती फिरते,
ती फिरली की स्प्रिंग भरते.
हात नुसताच टेबलावर राहिला, खुर्चीच्या दांडीवर राहिला,
तर दीड दिवस कसंबसं चालतं.

आता हे कमांडरला कोणत्या तोंडानं सांगायचं?

झाकणाच्या आतल्या अंगाला
प्रत्येक कारागीर सुईनं आपली खूण ओरखडतो,
मालकाला कधीच न दिसणारी.
तिथे एक खूण होती.
अक्षर ओळखीचं. बाबांचं.
शेजारी आकडा : ५१.

माळ्यावरून वही काढली. वाळवीनं कडा खाल्लेल्या.
जून महिना. लिसांद्रो बेरमुदेस, मळेवाले.
स्विस, सोनं. तक्रार : रात्री बंद पडतं.
खाली बाबांनी लिहिलंय : दोष नाही.
त्याखाली पेन्सिलनं, बारीक, एकच शब्द :
व्हरांडा.

आठ दिवस तपासणीला लागतील, असा निरोप धाडला
आणि ते माझ्या हातावर बांधलं.
बाही खाली ओढून.
पंप बिघडलेला, म्हणून नदीवरून पाणी आणलं.
लाकडं फोडली.
पोरीला ताप होता, रात्रभर तिची झोळी हलवली.
एक सेकंद मागे पडलं नाही.
हातावर पोट आहे माझं,
त्यात आणखी एक पोट भरलं.

इथवर सांगितलं की लोक हसतात.
पुढचं मी सहसा सांगत नाही.

सहाव्या दिवशी साखरेच्या रांगेत
कार्ड काढताना बाही वर गेली.
पुढे पेत्रोनिला उभी होती, बाबांच्या वयाची.
तिनं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि गुपचूप बाजूला सरली.
मी म्हणायला हवं होतं, अहो, माझं नाही हे.
मी पुढे गेलो.
माझ्यामागे साखर संपली.

कमांडर घ्यायला आले तेव्हा म्हणालो,
तेल सुकलं होतं.
त्यांनी कानाला लावलं, हसले, पैसे पुढे केले.
बाबा घ्यायचे, मळेवाल्याकडूनसुद्धा.
मी नको म्हणालो,
त्यांना ती निष्ठा वाटली.
पायऱ्या उतरताना त्यांनी तो हात खिशात घातला.

वहीत लिहिलं : दोष नाही.
मग पेन्सिल घेतली, बराच वेळ धरून बसलो.
कुणाबद्दल लिहायचं ते ठरेना.

झाकणात माझीही खूण आहे आता, बाबांच्या खाली.
आणि रांगेत उभा असलो
की उजवा हात अजून आपोआप जातो
डाव्या बाहीकडे,
ती वर सरकवायला.